लाल पडलेला फोटो

आमच्या धंद्यात माणसं दोनदा गोरी होतात, लग्नात आणि मेल्यावर. अल्बमात नवरी गोरी लागते आणि हार घालायच्या फोटोत गेलेलं माणूस गोरं लागतं. मधल्या आयुष्यात आधार कार्डावर कसंही दिसलं तरी कुणाची तक्रार नसते. नाशिकच्या जुन्या भागात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत आमचा फोटोचा गाळा आहे. नवरा बाहेरची लग्नं, डोहाळजेवणं शूट करतो आणि मी आत कॉम्प्युटरसमोर बसून त्या सगळ्यांना माणसात आणते. "ताई, जरा उजळ करा," हे ऐकलं की माझं डोकं फिरतं आणि तरीही हात माउसकडे जातो, कारण दुकान चालवायचं असतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात मी इतकी गोरी आहे की माझ्या मुलीने लहानपणी विचारलं होतं, "बाबांच्या शेजारी ही कोण बसलीय?" नवरा तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगतो आणि मी अजून चिडते.

म्हणून ती बाई काउंटरशी येऊन म्हणाली, "ताई, गोरी नका करू बरं का," तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्याकडे नीट बघितलं.

चाळिशीच्या आसपासची असेल. दिंडोरीकडून एसटीने आली होती. द्राक्षबागेत छाटणीला, विरळणीला जाते म्हणाली, आणि ते सांगायची गरज नव्हती, तिच्या हातांवरूनच कळत होतं. कोपरापासून खाली हात उन्हाने रापून काळेकुट्ट झालेले. पिशवीतून तिने वर्तमानपत्राची घडी काढली, घडीतून प्लास्टिकची पिशवी, आणि त्यातून एक लहानसा रंगीत फोटो.

रंगीत म्हणायचा इतकंच. जुने रंगीत फोटो वर्षानुवर्षं पेटीत राहिले की लाल पडतात. हा तर कोकमाच्या सरबतातून बुडवून काढल्यासारखा झाला होता. खुर्चीवर एक तरुण बाई, डोक्यावर पदर, मांडीवर वर्षाचं मूल. साडी लाल, खुर्ची लाल, भिंत लाल, तोंडंही लाल.

"ही माझी आई," ती म्हणाली. "अन् मांडीवर मी."

हा फोटो काढला त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिची आई तापाने गेली. वडिलांना रेल्वेत नोकरी होती, ते इगतपुरीला गेले आणि तिथे त्यांनी दुसरा संसार मांडला. हिला वाढवलं आत्याने. आत्या विधवा, पोटी मूल नाही, तिने हिलाच पोटची मानलं. घरात एकट्या आईचा एक मोठा फोटो होता. आत्याने फार पूर्वी याच छोट्या फोटोवरून एका पेंटरकडून तो मोठा करून, हाताने रंगवून घेतला होता.

"त्याच्यात ती लय गोरी हाय ताई. दुधावानी. अन् मी ही अशी." तिने आपला हात काउंटरवर ठेवून दाखवला. "गावात समदे म्हणायचे, हिला दवाखान्यात बदलली. आई बघा अन् ही बघा. हसण्यावारीच म्हणायचे, पण मी लहान व्हते ना. मी भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन बसायचे अन् इचारायचे, मी तुझीच हाय का?"

मी तो लहानसा फोटो उजेडात धरून बघितला.

"आता पोरीची हळद हाय," ती पुढे म्हणाली. "आमच्यात आईच्या फोटोला आधी हळद लावत्यात, मंग नवरीला. पोरगी बी माझ्याच रंगाची. ती म्हणती, आई, आजी एवढी गोरी अन् आपण कोणावर गेलो? तर म्हटलं, खरी कशी व्हती ती एकदा बघू. हळद लावायची ती खऱ्या आईला लावावी ना? भलतीलाच कशाला लावायची?"

मी म्हटलं, करून देते. फोटो ठेवून जा.

ती गेल्यावर मी फोटो स्कॅन केला, आणि सगळ्यात आधी काय केलं तर मूल कातरून टाकलं. आमच्याकडे हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवत नाहीत. गेलेल्याच्या खांद्यावर कुणाचा हात असेल तर तो पुसायचा, शेजारी बायको असेल तर तिला काढून तिथे मागचा पडदा भरायचा, मांडीवरचं मूल उचलायचं. हे गिऱ्हाइकाने सांगावं लागत नाही. शुभ-अशुभ मानणारा असो की नसो, माळेच्या आत जितं माणूस कुणालाच नको असतं. मलाही नको असतं. तेव्हा मूल गेलं, मांडीच्या जागी साडी भरली, आणि पडद्यावर एकटी आई उरली.

आता रंगांचं. कॉम्प्युटरच्या आत कुठलाही रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन काळे-पांढरे फोटो असतात. एक लालचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. यांना आम्ही चॅनल म्हणतो. तिन्ही एकत्र आले की रंग दिसतो. एकेकटं बघितलं तर तिन्ही करडे. कुणाला हे समजावताना मी वरण, भात आणि तुपाचं उदाहरण देते, आणि नवरा म्हणतो की तुला भूक लागली की तू असं बोलतेस.

लाल पडलेल्या फोटोत लालचा चॅनल जवळजवळ पांढरा झालेला असतो. त्यात ना नाक दिसत ना डोळे, नुसतं धुकं. हिरव्यात मात्र बहुतेक सगळं शाबूत राहतं. निळ्यातही बरंच राहतं. मग करायचं असं की हिरव्यातला थोडा भाग लालमध्ये मिसळायचा, थोडा निळ्यातला घ्यायचा, आणि मेलेल्या चॅनलमध्ये जीव आणायचा. पडद्यावर पट्ट्या असतात. हिरवा किती, निळा किती, ते पट्टी सरकवून ठरवायचं. जुने फोटो मी असेच उठवते आणि लोक खूश होऊन जातात.

मी पट्ट्या सरकवायला लागले. कोकमाचा रंग उतरला, भिंत भिंतीसारखी झाली, साडीला जांभळट छटा आली. हातातला चुडा हिरवा झाला. आणि चेहरा? तिथे गाडी अडली. हिरवा कमी मिसळला की बाई गोरी व्हायची. जास्त मिसळला की सावळी. आणखी सरकवला की काळी. तिन्ही चेहरे खरे वाटत होते. तीच बाई, तेच डोळे, पदराखालून कानातलं तसंच दिसतंय. रोजचं गिऱ्हाईक असतं तर पट्टी उजळ बाजूला नेऊन मी मोकळी झाले असते.

चुड्याचा हिरवा खरा धरून बघितला. पण बांगड्यांचे हिरवे किती, हे कासाराच्या दुकानात उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. फिकट हिरवा धरला तर आई गोरी होत होती आणि गडद धरला तर काळी. साडी कुठल्या रंगाची होती हे लेकीलाही ठाऊक नव्हतं, त्या साडीची गोधडी शिवून झाली होती आणि गोधडीही फाटून गेली होती.

नवऱ्याने माझ्या मागे उभं राहून बघितलं. "मधलं काहीतरी दे," तो म्हणाला. "फार गोरी नाही, फार सावळी नाही. तिलाही बरं वाटेल."

"मधलं म्हणजे काय? अर्धी आई देऊ का?"

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"तिला कुणीतरी आयुष्यभर असंच दिलंय. आता मीही देऊ?"

तो चहा सांगायला निघून गेला. मी रागावले की तो चहा सांगतो. माझा राग त्याच्यावर नव्हताच, हे त्यालाही कळत होतं. त्या पट्टीचा राग येत होता. हाताखाली सरकते आणि वाट्टेल त्याला हो म्हणते.

काम तसंच पडून राहिलं. मधल्या दिवसांत एक बाई तान्ह्या मुलाचा पासपोर्ट फोटो काढायला आली. एवढी लहान मुलं स्टुलावर बसत नाहीत, म्हणून आईने पांढरी चादर अंगावर घ्यायची आणि चादरीच्या आतून मुलाला सावरून धरायचं. फोटोत मूल एकटंच बसल्यासारखं दिसतं, फक्त कडेला आईच्या बोटांचा उंचवटा किंवा एखादं नख येतं. ते मी नंतर पुसते. त्या दिवशीही मी आईची बोटं पुसत बसले होते. मुलाच्या दंडाला धरलेली बोटं, मुलाच्याच रंगाची. आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

त्या लाल फोटोत एक गोष्ट अशी होती जिचा खरा रंग आजही तपासता आला असता. ती गोष्ट एसटीने माझ्या दुकानात आली होती, काउंटरवर हात ठेवून बोलली होती, आणि तिलाच मी सगळ्यात आधी कातरून टाकलं होतं!

मी तिला फोन लावला. बागेत होती, मागे बायकांचा आवाज येत होता. म्हटलं, एकदा येऊन जा, फोटोसाठी तुमचीच गरज आहे. "माझी? मी काय करू?" म्हणाली, पण दुसऱ्याच दिवशी आली.

मी तिला दुकानाच्या दारात, सावलीच्या उजेडात उभं केलं. हात दाखवा म्हटलं तर तिने आपले तेच रापलेले हात पुढे केले. "हे नकोत," मी म्हणाले. "हे उन्हाचे हात आहेत. जन्माचा रंग पाहिजे." तिला समजलं. ती थोडी लाजली, रस्त्याकडे पाठ केली आणि ब्लाउजची बाही वर सरकवून दंडाची आतली बाजू दाखवली. तिथे ऊन कधी पोचलं नव्हतं. सावळा, नितळ, एकसारखा रंग. मी शेजारी पांढरा कागद धरून त्या दंडाचा फोटो काढला.

"बास? एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं सही-बिही पाहिजे," ती हसून म्हणाली. एसटी चुकू नये म्हणून लगबगीने निघूनही गेली.

मग मी मूळ स्कॅन पुन्हा उघडला, मुलासकट. या वेळी एक नियम केला, आईला हात लावायचा नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. चेहऱ्यावर मी एक करडा चौकोन ठेवून दिला. फक्त मुलाचा दंड आणि शेजारी आज काढलेला दंड. हिरवा थोडा लालमध्ये, निळा थोडा. मुलाचा दंड फिकट झाला की पट्टी पुढे न्यायची, गडद झाला की मागे. पट्ट्या पूर्ण फोटोवर फिरत होत्या, म्हणजे मूल जसं बदलत होतं तशीच चौकोनाखाली आईही बदलत होती. मला ते माहीत होतं आणि सारखं तो चौकोन उचलून बघावंसं वाटत होतं. हट्टाने बघितलं नाही. दोन्ही दंड एक झाले तेव्हाच हात थांबवला.

तान्हं मूल थोडं उजळ असतं आणि पुढे रंग उतरतो, हे मला कळत होतं. रंगावरून नातं ठरत नाही, हेही कळतं. पण हिला आयुष्यभर रंगावरूनच प्रश्न घातला होता, तेव्हा उत्तरही तिथूनच द्यावं लागणार होतं. मी चौकोन उचलला, तर खाली आई सावळी होती, लेकीच्याच रंगाची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमका त्याच वेळी नवरा चहा घेऊन आत आला.

त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता मधलं दे म्हणणार नाही," तो म्हणाला.

खात्री करायला मी रंग सगळे बंद केले आणि एकटा हिरवा चॅनल उघडला. त्यात मी काहीच मिसळलेलं नव्हतं, कॅमेऱ्याने टिपला तोच काळा-पांढरा फोटो होता. त्यातही मुलाचं मनगट आणि आईचा तळहात एकाच करड्या रंगाचे होते. इतकी वर्षं पेटीत पडून लाल होत गेलेल्या त्या फोटोत हे आधीपासूनच होतं. पण आधी पेंटरने आणि मग मीही मूलच काढून टाकलं, तर ते दिसणार कसं?

ती फोटो न्यायला आली तेव्हा बरोबर आत्या होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, काळा चष्मा लावलेली, नऊवारी नेसलेली म्हातारी. पायऱ्या चढताना भाचीचा खांदा धरून, "हळू गं बाई, पळायचं नाय मला," असं म्हणत आली. मी तिला खुर्ची दिली. मग फोटो काढून काउंटरवर ठेवला. दोघींपैकी कुणाला काय लागेल ते मला माहीत नव्हतं.

भाचीने फोटो दोन्ही हातांनी उचलून बघितला. मग तिने तो आत्याच्या मांडीवर ठेवला.

आत्याने चष्मा काढला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हीच," ती म्हणाली. "हीच ती. माझी भावजय."

"मंग घरातली कोण हाय, आत्या?"

म्हातारी बराच वेळ पदराने फोटोची काच पुसल्यासारखी फोटो पुसत राहिली, काच नसतानाही.

"तिला लय बोलणी बसली रंगावरून," ती शेवटी म्हणाली. "माझी आई बोलायची. येणारी-जाणारी बोलायची. ती कधी उलटून बोलली नाय, आत जाऊन रडायची. ती गेल्यावर पेंटर मला म्हणला, कशी करू? मी म्हटलं, गोरी कर. लय गोरी कर. आता तरी कोणी तिला बोलू नये. मला काय ठावं, तिची समदी बोलणी मंग तुझ्या वाटंला येतील."

"मला सांगायचं व्हतं की."

"सांगायचं व्हतं," आत्या म्हणाली. "पण रोज उठून ती भिंतीवरची बघायचे ना. हळूहळू मलाबी तीच खरी वाटाया लागली. खरी कशी व्हती ते इसरलेच बघ मी."

भाची रडत होती, पण चेहऱ्यावर राग नव्हता. मी तरी बघितला नाही. ती आत्याच्या खुर्चीशेजारी फरशीवरच बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. दोन गिऱ्हाइकं दारात आली होती, नवऱ्याने त्यांना बाहेरच बोलण्यात गुंतवलं. मला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता, मी तशी रागीटच आहे. पण तो आला नाही. तिने तिच्या परीने एका बाईला बोलण्यांपासून वाचवलं होतं. हाताशी पट्टी असती तर तिनेही ती उजळ बाजूलाच नेली असती.

मी दुसरा प्रिंटही काढून ठेवला होता, मूल काढलेला, एकट्या आईचा. तो पुढे केला आणि म्हटलं, "हाराचा हा आहे. यात फक्त आई आहे, रंग तोच."

भाचीने तो हातातही घेतला नाही. "नको ताई. मांडीवर मी पायजे."

"अगं, पण तू जित्ती हायेस," आत्या म्हणाली. "हार कसा घालायचा?"

"नाय घालायचा हार. हळद लावायची नुसती."

आत्याने विचार केला. मग मान डोलावली, पटल्यासारखी. फ्रेमवाला आमच्या शेजारीच आहे. फ्रेम केली की तो न विचारता वरच्या दोन कोपऱ्यांना हार अडकवायचे खिळे ठोकतो. मी त्याला ओरडून सांगितलं, याला खिळे नकोत.

निघताना आत्याने पुन्हा एकदा फोटो मागून घेतला. चष्मा हातातच होता. ती फोटोवरून बोट फिरवत होती. चेहऱ्यावरून, पदरावरून, मग खाली मांडीवर आली आणि तिथे, जिथे मुलाचं मनगट आईच्या हातात होतं, तिथे बोट थांबलं. तिने डोळे बारीक केले.

"ह्यो हात कोणाचा गं?" तिने विचारलं. "तुझा, का तिचा?"

भाचीने वाकून बघितलं. "मलाबी नाय कळत, आत्या," ती म्हणाली.